कसब्याहून वाघोलीला, चीनमार्गे

आमच्या कसबा पेठेतली माणसं हल्ली फार प्रवास करतात. समोरचे गृहस्थ व्हिएतनामला जाऊन आले आणि पंधरा दिवस तिथल्या भाताबद्दल बोलत होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गेल्या वर्षी आइसलँड केलं. 'केलं' असंच म्हणायचं असतं, धुणंभांडी केल्यासारखं. मी मात्र नुकताच जिथे जाऊन आलो, तिथे आमच्या आळीतलं कोणीही स्वखुशीने गेलेलं नाही. मी वाघोलीला गेलो. तेही एकदा नव्हे, सव्वा महिन्यात दहादा. न गेलेल्यांच्या माहितीसाठी चार शब्द लिहून ठेवावेत म्हणून हा प्रपंच.

जाण्याचं कारण प्रकृती. बत्तीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसलो. लोकांच्या तक्रारी शांतपणे न ऐकण्याचा इतका दांडगा सराव फार थोड्यांना असेल. निवृत्त झालो, तक्रारी घेऊन येणारं कोणी उरलं नाही, तेव्हा शरीरानेच तक्रारी सुरू केल्या. झोप गेली, मान आखडली, रक्तदाब चढला. नेहमीच्या डॉक्टरांनी गोळी दिली, मग गोळी वाढवली, मग चष्म्यावरून बघत विचारलं, "दामले, कसलं टेन्शन आहे का?"

"छे! मला कसलं टेन्शन?" मी म्हणालो.

शेजारी बसलेल्या सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे असं पाहिलं की त्या क्षणी यंत्र दंडाला असतं तर आणखी वीस आकडे वर गेलं असतं.

आता सांगूनच टाकतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या मुक्ताने प्रणय गजभिये या मुलाशी लग्न केलं. दोघंही इंजिनिअर. मुलगा नागपूरचा, शांत, हुशार, माझ्या विनोदांना हसणारा. त्याच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मी जातपात मानत नाही. हे मी लोकांना पुष्कळदा सांगितलेलं आहे, बहुतेक वेळा कोणी विचारलेलं नसताना. लग्नाला मी गेलो, साक्षीदाराची सही केली, फोटोत हसलो. फक्त तीन वर्षांत मुलीच्या घरी जाऊन एक घासही खाल्ला नव्हता. का, असं कोणी विचारलं तर कारणं तयार होती. वाघोली लांब आहे, वेळा जुळत नाहीत, मला तिखट सोसत नाही. आणि कधी जावंच लागलं, तर चपला न काढता पायपुसण्यावर उभं राहून आधीच सांगून टाकायचो, "जेवून आलोय हं."

परगावच्या वाचकांसाठी इथे थोडा खुलासा हवा. आमच्याकडे "जेवून आला असाल ना?" असं विचारतात, तेव्हा ती चौकशी नसते. ती सूचना असते. आणि "हो, जेवूनच आलोय" हे त्यावरचं उत्तर नसून सभ्यता असते. पोटात कावळे ओरडत असले तरी चांगल्या घरचा माणूस हेच म्हणतो. मी हे इतक्या वर्षांच्या सरावाने म्हणतो की त्यासाठी डोकं वापरावं लागत नाही. सवयीचा उपयोग कशासाठी होतोय, हे कळायलाही डोकं वापरावं लागतं, आणि ते मी बरीच वर्षं वापरलं नाही.

तर एके दिवशी मुक्ताचा फोन आला. "बाबा, आमच्या सोसायटीशेजारी एक क्लिनिक आहे. चायनीज मेडिसिन आणि आपलं, दोन्ही मिळून करतात. दहा सिटिंग्ज. इट्स नॉट मॅजिक, गोळी चालूच ठेवायची, हे सोबत. प्लीज?"

'आमच्या सोसायटीशेजारी' हे शब्द मी ऐकले आणि मला सगळा कट समजला. पण तीन आठवडे धड झोपलो नव्हतो. मी अट घातली की उपचार वाघोलीत आणि जेवण कसब्यात. पलीकडून "ओके" आलं, पण जरा उशिरा.

पहिला मंगळवार: जीभ

निघताना सुलभाने हातावर दही ठेवलं आणि मुक्तासाठी चकल्यांचा डबा दिला. कसब्यात आता जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन आहे. इतकी वर्षं जमिनीवर जे जमलं नाही ते जमिनीखाली करून दाखवलं, याबद्दल संबंधितांचं अभिनंदन. पुढे रामवाडीपर्यंत मेट्रो आणि तिथून बस. वाटेचं वर्णन करत नाही, कारण नगर रस्त्यावर गाडी चालते कमी आणि उभीच जास्त असते.

वाघोलीत उतरल्यावर प्रथम जाणवते ती धूळ, मग उंच इमारती, मग त्या इमारतींना पाणी पाजायला रांगेत उभे असलेले टँकर. आमच्याकडे चार मजल्यांच्या इमारतीलाही नाव असतं ते देवाचं किंवा आजीचं. इथे बावीस मजल्यांना एखाद्या युरोपातल्या सरोवराचं नाव, आणि पाणी टँकरचं.

क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, एका व्यायामशाळेच्या वर. पाटीवर ॲक्युपंक्चर, आयुर्वेद, योग, आहार आणि समुपदेशन अशी पाच नावं एकत्र नांदत होती. आमच्या जिन्यात चार बिऱ्हाडं नांदत नाहीत, त्यामुळे कौतुक वाटलं. दारात मंदाताई नावाच्या बाई बसतात. मूळच्या वाघोली गावच्या, म्हणजे टँकरच्या आधीच्या. चपला काढेपर्यंत त्यांनी विचारलं, "काका, जेवून आलाय न्हवं?"

"हो, जेवूनच आलोय," मी म्हणालो. वाघोलीतही लोक इतके पुढारलेले आहेत हे पाहून बरं वाटलं. त्या दिवशी मी खरोखरच जेवून आलो होतो.

डॉक्टर सायली पस्तिशीच्या, कोल्हापूरच्या. आधी आपलं नेहमीचं डॉक्टरकीचं शिक्षण, मग हे चिनी. त्यांनी पाऊण तास प्रश्न विचारले. नेहमीच्या दवाखान्यात आपण खुर्चीवर टेकेपर्यंत चिठ्ठी हातात येते, त्यामुळे एवढी विचारपूस झाल्यावर मला आपल्याला काहीतरी गंभीर झालंय अशी शंका आली. मग त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. झोप लागली की काय असं वाटलं, आणि हेवाही वाटला.

"आता जीभ दाखवा."

माझ्या जिभेबद्दल आजवर पुष्कळांनी मत दिलेलं आहे, पण इतक्या आस्थेने तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

"कडा लाल आहेत," त्या म्हणाल्या. "चिनी वैद्यकात राग यकृताशी जोडतात. त्यांची सांगायची पद्धत आहे ती. तुम्हाला राग येतो का, काका?"

"कोणी मूर्खासारखं वागलं तरच."

"असं किती वेळा होतं?"

"सकाळी पेपर येतो तिथपासून."

त्यांनी लिहून घेतलं. "आणि राग आला की काय करता?"

"टोमणा मारतो."

"आणि मारता नाही आला तर?"

असा प्रसंग क्वचितच येतो, असं काहीतरी मी पुटपुटलो. डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

सुयांबद्दल लोकांचे गैरसमज फार. ती सुई इंजेक्शनची नव्हे, केसाएवढी बारीक. अंगठ्याच्या बेचक्यात, पायाच्या पंज्यावर, दोन भुवयांच्या मधोमध अशा बारा जागी ती टोचतात. दुखत नाही, पण तिथे कोणीतरी बोट ठेवून उभं आहे असं जड वाटत राहतं. मग दिवा मंद करून वाहत्या पाण्याचा आवाज लावला. बासष्ट वर्षांच्या माणसाला अर्धा तास पाण्याचा आवाज ऐकवत निपचित पडायला लावणं हा उपचार की शिक्षा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पडद्यापलीकडच्या पलंगावर आयटीतला एक तरुण पाठीला काचेचे पेले लावून पालथा पडला होता. आमचे आजोबा पाठीला तुंबडी लावून घ्यायचे. तीच तुंबडी आता चीनला जाऊन शिकून आली आहे. त्या तरुणाची त्याच अवस्थेत मीटिंग चालू होती. "डोन्ट वरी काका, मी म्यूटवर आहे," तो मला म्हणाला.

उठताना डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. गार पाणी बंद, कोमट प्यायचं. पोटाने श्वास घ्यायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे उपाशीपोटी सुया टोचून घ्यायच्या नाहीत, हलकं का होईना, खाऊन यायचं. मी मान हलवली. मान हलवणं हे बत्तीस वर्षं माझं काम होतं.

मग चकल्यांचा डबा. मुक्ताच्या सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी माझ्याकडे कसलासा नंबर मागतो, तो मुक्ताच्या फोनवर आलेला असतो, ती मला फोनवर सांगते, मी त्याला सांगतो. आमच्याकडे पाहुणा खालून हाक मारतो आणि चारही खिडक्या उघडतात, हाही एक बंदोबस्तच आहे. दार प्रणयच्या आईंनी उघडलं. गजभियेबाई नागपूरला सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. निवृत्त होऊन मुलाकडे आल्या आहेत. वास्तविक त्या माझ्या विहीणबाई. पण तीन वर्षं मी त्यांना काहीही न म्हणता वाक्यं पूर्ण करत आलो होतो, आणि हे दिसतं तितकं सोपं नाही.

"या ना. जेवले काय?" असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "या." त्याआधीच्या भेटीपर्यंत विचारायच्या, हे मला बसमध्ये आठवलं.

"जेवून आलोय," मी तरीही म्हणालो. डबा दिला आणि पायपुसण्यावरूनच परतलो.

गुरुवार: तर्री

दुसऱ्या खेपेला मला एक शोध लागला. क्लिनिकखालच्या वळणावर यवतमाळकडच्या एका माणसाची पोह्यांची गाडी आहे. आमचे पोहे कसे, तर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, वर साखरेची चिमूट, मुलगी बघायला आलेल्यांसमोर ठेवावेत असे सालस. या गाडीवर पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात आणि वरून कच्चा कांदा भिरकावतात. मला तिखट सोसत नाही, हे मी आधी सांगितलंच आहे. मी दोन प्लेट खाल्ल्या. नाक पुसत, घाम पुसत, उभ्या उभ्या. इतकं चविष्ट काही मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं. गाडीवाल्याने आपलं गाव आपणहून सांगितलं. बाकी मी काही विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

तिथून मुलीचं घर चालत पाच मिनिटांवर. लिंबाचं लोणचं द्यायला गेलो आणि म्हणालो, "जेवून आलोय." त्या दिवशी ते अगदी खरं होतं, म्हणून आवाजही खणखणीत लागला.

असे, पोहे खात, आठवडे गेले. डॉक्टरांनी कानाच्या पाळीत मोहरीएवढे दाणे चिकटवले, अस्वस्थ वाटलं की ते दाबायचे. मेट्रोत मी कान दाबत बसलेला पाहून समोरची माणसं जागा बदलत. एकदा वाळलेल्या पाल्याची जाड कांडी पेटवून पोटऱ्यांना शेक दिला. वास थेट दवण्यासारखा. मंडईत चैत्रात दवण्याच्या जुड्या येतात, तो वास मला चिनी म्हणून नव्याने घ्यावा लागला. सकाळी सात-आठ जणांकडून संथ हातवारे करून घेतात, तेही मी केलं. आकाश उचलायचं, मग हळूच खाली ठेवायचं. आकाश उचलून झाल्यावर बाकीचे लॅपटॉप उचलून पळत.

आणि थर्मास. चिनी वैद्यकाचे माझ्यावर सर्वांत मोठे उपकार असतील तर ते कोमट पाण्याच्या थर्मासचे. पूर्वी मुक्ता पाण्याचा पेला पुढे करायची तेव्हा मला घसा, सर्दी असं काहीबाही सांगावं लागे. आता मी खांद्यावरचा थर्मास नुसता उंच करून दाखवायचो. "डॉक्टरांनी सांगितलंय." मुक्ता पेला घेऊन परत आत जायची. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

आठ खेपा झाल्या. रक्तदाब ढिम्म हलला नाही. डॉक्टर दरवेळी विचारत, "काका, आणखी काही आहे का मनात?" आणि मी दरवेळी नगर रस्त्याच्या वाहतुकीबद्दल सांगत असे.

शनिवार: पांढरा

नववी खेप मंगळवारची शनिवारवर गेली, डॉक्टर चार दिवस गावाला गेल्या होत्या. शनिवारी माझा उपास असतो. तीस वर्षं झाली, दिवसभर फक्त चहा आणि दिवेलागणीला जेवण. उपाशीपोटी सुया नाहीत, हे मला ठाऊक होतं. उपास आहे, हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात गाठ मात्र पडली नाही. आणि दारात मंदाताईंनी विचारलं, "जेवून आलाय न्हवं, काका?"

"हो, जेवूनच आलोय."

मी खोटं बोललो असं कृपया समजू नका. कोणी शिंकलं की आपण काहीतरी म्हणतो, तसं ते तोंडातून गेलं.

त्या दिवशी मानेला सुया टोचायच्या म्हणून मला बसवलं होतं. पाच मिनिटांनी पाण्याचा आवाज फार लांब गेला. तळहात गार पडले, भिंतीवरचं शरीराचं चित्र डोलायला लागलं. मी बाकी काहीही करण्याआधी शिष्टाचार म्हणून "जरा पंखा वाढवता का?" असं म्हणाल्याचं मला आठवतं. मग मंदाताईंचा आवाज आला, "म्याडम, काका पांढरे पडल्यात बघा!"

डॉक्टरांनी भराभर सुया काढल्या, मला आडवं केलं, पाय उशांवर ठेवले. आठ खेपांत जो रक्तदाब तसूभर उतरला नव्हता तो एका मिनिटात इतका उतरला की डॉक्टरांचाच चढला. मुक्ता त्या शनिवारीही ऑफिसात, तिचा फोन लागेना. नाव नोंदवतानाच्या कागदावर खाली तिने सासूबाईंचा नंबर लिहिला होता. पाच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली आणि डोक्यावर हेल्मेट, हातात स्कूटरची किल्ली अशा गजभियेबाई आत आल्या. कोणाला काही न विचारता त्यांनी माझं मनगट धरलं. त्या धरण्यात चाळीस वर्षांची नोकरी होती.

"जेवले होते म्हणे?" त्यांनी विचारलं.

"हो," मी आडव्यानेच म्हणालो.

"काय जेवले?"

"पोळीभाजी."

"कोणती भाजी?"

"दोडक्याची."

"शनिवारी? तुमचा तर उपास असते शनिवारी."

पाण्याचा आवाज तेवढा चालू होता.

"काका!" डॉक्टर ओरडल्या. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी! रोज विचारतात ते कशासाठी?"

आता कोल्हापूरच्या बाईला काय समजावणार? त्यांच्याकडे "जेवला काय?" विचारतात ते ताट मांडायला. आमच्याकडे ते कशासाठी विचारतात आणि आम्ही काय उत्तर देतो, हे मी त्या अवस्थेत सांगायला लागलो असतो तर त्यांनी मला मोठ्या रुग्णालयात हलवलं असतं.

गजभियेबाईंनी पर्स उघडून कागदाची पुडी काढली. आत राजगिऱ्याचा लाडू होता. "घ्या. घरचा आहे. उपासाला चालते. फोन आला तेव्हा शनिवार आहे हे ध्यानात आलं, म्हणून बघूनच आणला." आणि मला हात उचलवत नाहीसं पाहून त्यांनी तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला.

तीन वर्षांत मुलीच्या घरचं मी पहिल्यांदा खाल्लं ते असं. पाठीवर पडून, दुसऱ्याच्या हाताने. माझा उपास माझ्यापेक्षा त्यांनी जास्त सांभाळला होता. लाडू गोड होता. मी दुसऱ्या तुकड्यासाठी तोंड उघडलं.

तासाभराने मी उठून बसलो. त्या मला धरून खाली घेऊन आल्या, रिक्षाला फोन केला, आणि आम्ही व्यायामशाळेबाहेरच्या बाकावर बसलो. वळणावर पोह्यांची गाडी होती.

"एक बोलू काय, दामलेसाहेब?" त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "पहिल्या वर्षी तुम्ही येणार म्हटलं की मी दोन वाट्या तांदूळ जास्त टाकत होती. दुसऱ्या वर्षी एक. आता नाही टाकत. अन्न फेकायला जिवावर येते."

मी चपलेने बाकाखालचा खडा बाजूला सारला.

"तिथं पोहे खाताना दोनदा पाहिलं मी तुम्हाला. मजेत खाऊन राहिले होते. स्कूटर थांबवणार होती, पण म्हटलं कायले माणसाची भूक मोडायची." त्यांनी हेल्मेटचा पट्टा नीट केला. "मला तुमच्यासारखं आडून बोलता येत नाही. वाईट वाटलं, ते सांगितलं. मुक्तालाही वाटते, ती सांगत नाही. तीन वर्षं मीच विचारलं. आता मी नाही विचारणार. तुम्हाला वाटलं तर तुम्ही सांगा."

रिक्षा आली. त्यांनी चालकाला हळू चालवायला बजावलं, माझा थर्मास आत ठेवला आणि निघून गेल्या. परतीच्या वाटेवर मला एकही टोमणा सुचला नाही. डॉक्टरांच्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर मला कसब्यात पोचेपर्यंत मिळालं होतं. टोमणा मारता आला नाही की मला रडू येतं. ही माहिती मला बासष्टाव्या वर्षी झाली.

शेवटचा मंगळवार

दहाव्या खेपेला सुलभाने डबा भरायला घेतला तेव्हा मी नको म्हणालो. तिने मान वर करून पाहिलं आणि हातावर दही दोन चमचे दिलं. थर्मासही मी ओट्यावरच ठेवला.

क्लिनिकच्या दारात मंदाताईंनी विचारायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. "सकाळी नऊला दोन पोळ्या, मेथीची भाजी, अर्धी वाटी दही." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. विश्वास गेला की असं होतं. सुया टोचून झाल्या, डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला. थोडा खाली होता, फार नाही. गोळी तशीच चालू ठेवा, नेहमीच्या डॉक्टरांना दाखवत राहा, श्वास आणि चालणं सोडू नका, असं त्यांनी सांगितलं. "आणि झोप?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बघू.

पोह्यांच्या गाडीपाशी मी थांबलो नाही, पण हा निग्रह होता असा आव आणत नाही. पायच थांबले नाहीत. साडेबारा वाजले होते. हातात डबा नव्हता, त्यामुळे त्या दारात जायला कारणही नव्हतं. लिफ्टमध्ये मी मनात वाक्य जुळवत होतो. 'इकडून चाललो होतो' हे जमत नव्हतं, वाघोलीच्या बाविसाव्या मजल्यावरून कोणी इकडून तिकडे चाललेलं नसतं.

दार मुक्ताने उघडलं. त्या दिवशी तिचं काम घरून होतं. माझे रिकामे हात पाहून ती जरा गोंधळली. मग नेहमीसारखं, प्रश्नचिन्ह न लावता म्हणाली, "जेवून आला असाल."

हे ती माझ्याकडूनच शिकलेली होती. माझ्या तोंडात "हो" तयार होता, अगदी ओठांपर्यंत आला होता. तक्रारीच्या खिडकीवर मी दिवसातून शंभरदा "नाही" म्हणायचो, तोच शब्द आता काही केल्या सापडेना.

"नाही," मी म्हणालो. "भूक लागली आहे."

मुक्ता तशीच उभी राहिली. स्वयंपाकघरातला चिरण्याचा आवाज थांबला.

"भात दोघींपुरताच लावलाय," आतून गजभियेबाई म्हणाल्या. आवाजात आमंत्रण नव्हतं. नसणारच होतं, त्यांनी सांगितलेलं होतं.

"मग थांबतो, विहीणबाई," मी म्हणालो आणि चपला काढल्या.

मग आत डबा उघडल्याचा आणि वाटीने तांदूळ मोजल्याचा आवाज आला. एक वाटी. जरा थांबून दुसरी. मी सोफ्यावर बसलो. "पाणी देतेस का गं?" मी मुक्ताला विचारलं. तिने दिलं. गार होतं. मी सगळं प्यायलो.

"पाटवडीचा रस्सा आहे," विहीणबाई दारात येऊन म्हणाल्या. "तुम्हाला तिखट सोसत नाही म्हणे. तुमच्यासाठी वेगळा काढू काय?"

"नको. तुम्ही खाता तोच."

"बघा हं."

कुकरची पहिली शिट्टी मी ऐकली. दुसरीही बहुतेक ऐकली. त्यानंतरचं आठवत नाही. जाग आली तेव्हा माझ्या अंगावर पातळ चादर होती, चष्मा कोणीतरी काढून टीपॉयवर ठेवला होता आणि विहीणबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या होत्या.

"पाऊण तास घोरून राहिले तुम्ही," त्या म्हणाल्या. "भात थंड झाला. आता उठता, की जेवून आलेत?"

पुण्याबाहेरच्या माणसाकडून इतका नेमका टोमणा मी प्रथमच खाल्ला. ती झोप सुयांनी आली, कानातल्या दाण्यांनी आली की उचलून ठेवलेल्या आकाशाने, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टर सायलींना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं श्रेय चीनला दिलं, आणि मी वाद घातला नाही.

ताटं मांडली होती. माझ्या ताटात भात, रस्सा, दोन पाटवड्या, बाजूला कच्चा कांदा. मुक्ता वाढत होती. मी पहिला घास घेतला. रस्सा इतका जहाल की कानातून वाफ निघाली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी मान खाली घालून जेवत राहिलो. वर पाहिलं तर मुक्ताच्याही डोळ्यांना पाणी होतं. तिने तर अजून ताटही घेतलं नव्हतं.